राजाचा भाऊ, गुपचूप लग्न आणि कनॉटचा किताब

गेल्या अंकात दिल्लीच्या कनॉट प्लेसबद्दल एकाने विचारलं होतं, त्याला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले की हा 'कनॉट' किताब व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या शंभरेक वर्षं आधी राजा तिसऱ्या जॉर्जच्या एका धाकट्या भावाकडे होता आणि त्या भावाने घरच्यांना पत्ता लागू न देता लग्न उरकलं होतं. झालं, तेवढ्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की काय सांगू. पुणेकरांना सनावळ्यांत रस असतो असं आपण उगाच म्हणतो, खरा रस असतो तो कुणी कुणाशी लग्न केलं आणि घरचे काय म्हणाले यात. तर यावेळचं सगळं सदर त्या भावालाच देऊन टाकलंय.

प्रश्न : ताई, नुसतं 'एक धाकटा भाऊ' म्हणून सोडून दिलंत. नाव, आईबाप, भावंडं काही आहे की नाही? (नारायण पेठेतून एक आजोबा)

आहे ना आजोबा. नाव विल्यम हेन्री. जन्म २५ नोव्हेंबर १७४३, लंडनला लेस्टर हाउसमध्ये. वडील फ्रेडरिक, प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे गादीचे वारस, आई ऑगस्टा, जर्मनीतल्या साक्स-गोथा घराण्यातली. एकूण भावंडं नऊ. या घराण्यात एक रीतच पडली होती, राजा आणि त्याचा थोरला मुलगा यांचं कधी पटायचंच नाही, तसं फ्रेडरिकचंही वडिलांशी म्हणजे दुसऱ्या जॉर्जशी हाडवैर होतं, आणि गादीची वाट बघता बघता १७५१ मध्ये फ्रेडरिकच गेला. त्यामुळे थोरला नातू जॉर्ज बाराव्या वर्षी वारस झाला आणि १७६० मध्ये आजोबा गेल्यावर राजा. आपला विल्यम त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. १७६४ मध्ये जॉर्जने त्याला ड्यूक ऑफ ग्लॉस्टर अँड एडिंबरा केलं, सोबत अर्ल ऑफ कनॉट, तोच तो कनॉट.

धाकटा हेन्री, ड्यूक ऑफ कंबरलंड, हे पात्र पुढे येणार आहे, त्याला लक्षात ठेवा. सगळ्यात धाकटी कॅरोलाइन मटिल्डा तर वडील गेल्यावर चार महिन्यांनी जन्मली, तिलाही लक्षात ठेवा.

प्रश्न : लग्न कुणाशी केलं ते सांगा आधी, बाकी नंतर. (सहकारनगरच्या भिशी मंडळातर्फे)

मंडळाचं म्हणणं रास्त आहे.

मुलगी म्हणण्यापेक्षा बाई म्हणूया, कारण मारिया ही विल्यमपेक्षा सात वर्षांनी मोठी, विधवा आणि तीन मुलींची आई. माहेरचं आडनाव वॉलपोल. आजोबा सर रॉबर्ट वॉलपोल, ज्यांना ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानतात, आणि काका होरेस वॉलपोल, ज्याने आयुष्यभर इतकी पत्रं लिहिली की त्या काळातल्या लंडनच्या कुचाळक्या आज आपल्याला घरबसल्या वाचता येतात. आता एवढं मोठं घराणं म्हटल्यावर राजघराण्याने नाकं मुरडायचं कारण काय, तर मारियाची आई डोरोथी क्लेमेंट. ही शिवणकाम-टोप्यांच्या धंद्यातली साधी बाई, सर एडवर्ड वॉलपोलबरोबर राहिली, त्यांना मुलं झाली, पण एडवर्डसाहेबांनी तिच्याशी लग्न काही केलं नाही. मुलं सांभाळली, चांगली शिकवली, थाटात वाढवली, पण कायद्याने ती अनौरसच.

मारिया दिसायला अतिशय सुंदर होती यावर सगळ्यांचं एकमत दिसतं. १७५९ मध्ये काका होरेसने पुढाकार घेऊन तिचं लग्न लॉर्ड वॉल्डग्रेव्ह यांच्याशी जमवलं, नवरा तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा, आणि गंमत म्हणजे हे गृहस्थ तिसऱ्या जॉर्जचे लहानपणीचे पालक-शिक्षक होते, जॉर्जला ते अजिबात आवडायचे नाहीत. १७६३ मध्ये वॉल्डग्रेव्ह देवीच्या साथीत गेले, मारिया सव्विसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात लॉरा, शार्लट आणि होरेशिया. आणि मग तीन वर्षांनी, ६ सप्टेंबर १७६६ ला, पॅल मॉलच्या तिच्या घरात एका पाद्र्याने तिचं आणि बावीस वर्षांच्या विल्यमचं लग्न लावलं. साक्षीदार कुणी नाही. म्हणजे राजाच्या सख्ख्या भावाने राजाच्या नावडत्या मास्तरांच्या विधवेशी लग्न केलं आणि पुढची सहा वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळ्या लंडनला संशय होता, ती त्याच्याबरोबर हिंडाफिरायची, पण बायको म्हणून की आणखी कोण म्हणून हे कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं, आणि ही सहा वर्षं त्या बाईने लोकांच्या नजरा कशा झेलल्या असतील याचा विचार इतिहास लिहिणारे फारसा करत नाहीत. तो राजपुत्र, त्याचं काय बिघडणार, बोलणी तिलाच.

प्रश्न : मी चाळीस वर्षं वकिली केली. साक्षीदार नाही, चर्च नाही, तर ते लग्न कायद्यात टिकलंच कसं? १७५३ मध्ये इंग्लंडात विवाहाचा कायदा झालेला होता. (प्रभात रोड)

वकीलसाहेब, तुम्ही बरोबर नस पकडलीत. लॉर्ड हार्डविकचा तो कायदा, १७५४ पासून लागू. त्यात चर्चमध्ये जाहीर पुकारा करा नाहीतर परवाना काढा, साक्षीदार उभे करा, एकवीसच्या आत असाल तर आईबापांची संमती आणा, नाहीतर लग्न रद्द. हेतूच हा होता की पळून जाऊन, दारूच्या गुत्त्यात पाद्री गाठून लावलेली लग्नं बंद व्हावीत. पण त्याच कायद्यात एक कलम घालून ठेवलं होतं की हे सगळं राजघराण्यातल्या लग्नांना लागू नाही. घालणाऱ्यांच्या डोक्यात असणार की राजघराण्याला कसले नियम शिकवायचे. त्यामुळे गंमत अशी झाली की एखाद्या साध्या माणसाने दिवाणखान्यात असं लग्न लावलं असतं तर ते शून्य, आणि ड्यूकने लावलं तर पक्कं.

पुढे राजाने चौकशीसाठी तिघांना नेमलं, कँटरबरीचे आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर आणि लंडनचे बिशप. मे १७७३ मध्ये त्यांनी नवराबायकोचे जबाब बघितले आणि लग्न वैध आहे हे मान्य करावं लागलं. मारिया त्यावेळी पूर्ण दिवसांची गरोदर होती. २९ मे ला मुलगी झाली. काही दिवस इकडेतिकडे झाले असते तर पोर जन्माला आल्यावर ती कोण हे ठरलं असतं.

प्रश्न : राजाला एवढं चिडायला काय झालं? भाऊ होता, सज्ञान होता. आणि तो १७७२ चा रॉयल मॅरेजेस ॲक्ट याच्यामुळेच झाला ना? (इतिहासाची विद्यार्थिनी, डेक्कन)

नाही, याच्यामुळे नाही, आणि सगळी मजा तिथेच आहे. परीक्षेत हे लिहिलंस तर मार्क जातील म्हणून नीट वाच.

कायदा झाला धाकट्या हेन्रीमुळे, कंबरलंडच्या ड्यूकमुळे. हे कार्टं पहिल्यापासून वाया गेलेलं. हेन्रीने लॉर्ड ग्रोव्हनरच्या बायकोशी लफडं केलं म्हणून १७७० मध्ये ग्रोव्हनरने त्याच्यावर दावा लावला, कोर्टात ड्यूकसाहेबांची प्रेमपत्रं वाचली गेली, आणि १०,००० पौंड भरपाई बसली, वर खर्च. पैसे अर्थात राजालाच उभे करावे लागले. त्यातून काही शिकावं तर पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७७१ मध्ये, याने ॲन हॉर्टन नावाच्या विधवेशी लग्न केलं आणि मग भावाला कळवलं. आता जॉर्जच्या बाजूनेही बघायला पाहिजे, तो स्वतः अगदी सरळमार्गी माणूस, राज्यासाठी म्हणून जर्मनीतली न पाहिलेली मुलगी करून आणली, तिच्याशी एकनिष्ठ राहिला, तरुणपणी एक मुलगी मनात होती ती सोडून दिली. मी एवढं केलं आणि हे? असं त्याला वाटलं तर नवल नाही.

आणि १७७२ हे वर्षच त्या घराला वाईट गेलं. जानेवारीत डेन्मार्कची राणी झालेली धाकटी बहीण कॅरोलाइन मटिल्डा, राजवैद्य स्ट्रुएन्सेबरोबरच्या संबंधांवरून कैदेत. फेब्रुवारीत आई गेली. एप्रिलच्या १ तारखेला रॉयल मॅरेजेस ॲक्टवर सही झाली. एप्रिलच्याच शेवटी तिकडे स्ट्रुएन्सेचं डोकं उडवलं. कायदा काय होता, तर दुसऱ्या जॉर्जच्या वंशातल्या कुणीही राजाच्या परवानगीशिवाय लग्न केलं तर ते लग्नच नाही, परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची मुलं तेवढी सोडून, आणि पंचविशीच्या पुढे गेलेल्याने प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, नोटीस देऊन वर्षभर थांबायचं, मधल्या काळात पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तरच लग्न करायचं. राजाला वाटलं आता झाकण पक्कं बसलं.

आणि सप्टेंबरमध्ये हा शहाणा, शांत, आवडता भाऊ विल्यम सांगतो की दादा, माझं लग्न होऊन सहा वर्षं झालीत आणि ती गरोदर आहे.

जॉर्ज हेन्रीवर चिडला होता, विल्यममुळे तो मोडला असं माझं मत आहे. हेन्रीकडून अपेक्षाच नव्हती, याच्याकडून होती. त्यात कायद्याने याचं काहीच वाकडं करता येईना, कारण कायदा पुढच्या लग्नांना लागू, मागच्या नाही. म्हणजे ज्या दोन भावांच्या लग्नांची चर्चा, त्या दोघांचीही लग्नं शाबूत राहिली आणि तो फास अडकला कुणाच्या गळ्यात, तर राजाच्या स्वतःच्या पोरांच्या. थोरल्या मुलाने, पुढच्या चौथ्या जॉर्जने, १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्टशी चोरून लग्न केलं, ते रद्दबातल, अर्थात ती कॅथलिक असल्याने कायदा नसता तर त्याची गादीच गेली असती, म्हणजे तिथे कायदा त्याच्या पथ्यावरच पडला. सहाव्या मुलाने, ऑगस्टसने, १७९३ मध्ये रोममध्ये ऑगस्टा मरेशी लग्न केलं, पुढच्या वर्षी ते कोर्टाने मोडलं. विल्यम नावाचा तिसरा मुलगा डोरोथिया जॉर्डन या नटीबरोबर संसार थाटून बसला, दहा मुलं, एकही औरस नाही. राजाला पंधरा मुलं झाली आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये नात शार्लट बाळंतपणात गेली तेव्हा हिशोब केला तर जिवंत औरस नातवंड एकही नाही! मग चाळिशी-पन्नाशीतले राजपुत्र घाईघाईने बोहल्यावर चढले आणि त्या घाईतून १८१९ मध्ये व्हिक्टोरिया जन्माला आली. सगळा दोष त्या एका कायद्याला देता येणार नाही, पण घरात कुणी मनासारखं लग्न करूच शकत नसेल तर दुसरं काय होणार? कायदा २०१३ च्या वारसा कायद्याने रद्द झाला, २०१५ मध्ये ते अंमलात आलं, आता गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांनाच राजाची परवानगी लागते.

प्रश्न : म्हणजे ही मारिया त्यांची मस्तानीच म्हणायची का? (एक वाचक, कसबा पेठ)

नका हो. पुण्यात कुठलीही प्रेमकथा मस्तानीपाशी नेल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. तिथे धर्माचा, जातीचा, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता आणि घरात आधीची पत्नी होती. इथे सगळे एकाच धर्माचे, एकाच चर्चचे, नवरा अविवाहित, लग्न कायदेशीर. इथे प्रश्न होता तो जन्माचा आणि न विचारल्याचा. साम्य असलंच तर एवढंच की दोन्हीकडे माणसाने आपला हट्ट केला आणि शिक्षा जास्त बाईला झाली.

प्रश्न : हे चालू होतं तेव्हा इकडे पुण्यात काय चाललं होतं ते जरा जोडून सांगा, म्हणजे सन लक्षात राहतात. (शाळेतल्या एक शिक्षिका, बिबवेवाडी)

बाई, हे मलाही आवडतं. विल्यमने सप्टेंबर १७७२ मध्ये भावाला सांगितलं, त्यानंतर दोनच महिन्यांत, १८ नोव्हेंबरला, थोरले माधवराव थेऊरला गेले. विल्यमची मुलगी सोफिया मे १७७३ मध्ये झाली, ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. दुसरी मुलगी कॅरोलाइन जून १७७४ मध्ये, त्याच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्ये, पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवराव. लंडनला राजा आणि त्याचे तीन पंच एका गरोदर बाईच्या लग्नाचे कागद तपासत बसले होते आणि आपल्याकडे बारभाई एका गरोदर बाईला रघुनाथरावांपासून जपत होते. मुलांना असं सांगून बघा, विसरणार नाहीत.

बाकी फरक मोठा आहे. त्यांच्याकडे भावाभावांत कितीही बिनसलं तरी फार तर दरबाराची दारं बंद व्हायची.

प्रश्न : दरबार बंद म्हणजे नक्की काय शिक्षा? आणि पुढे दिलजमाई झाली का? (कोथरूड)

राजा भेटणार नाही, राणी भेटणार नाही, आणि जो कुणी यांच्याकडे जाईल त्यालाही दरबारात मान मिळणार नाही. आपल्याकडे वाळीत टाकायचे तसंच. पैसाही बेताचा. तब्येत विल्यमची आधीपासूनच नाजूक, मग कुटुंब घेऊन युरोपात गेले. त्याआधी १७७५ च्या मार्चमध्ये नऊ महिन्यांची कॅरोलाइन गेली, तिला देवी येऊ नये म्हणून टोचलं होतं, जेन्नरची लस यायला अजून वीस वर्षं होती, तेव्हाचं टोचणं म्हणजे खऱ्या देवीचाच अंश शरीरात सोडायचा, बहुतेक वाचायचे, काही नाही. मारियाचा पहिला नवरा देवीने गेला होता आणि मुलगी देवी टाळण्याच्या नादात. पुढच्या जानेवारीत, १७७६ ला, रोममध्ये मुलगा झाला, विल्यम फ्रेडरिक. १७७७ मध्ये ट्रेंटला ड्यूक इतका आजारी पडला की आता जातोय असंच सगळ्यांना वाटलं. त्या दुखण्याने जॉर्जचं मन थोडं विरघळलं असावं, १७७८ मध्ये पार्लमेंटने ड्यूकच्या पश्चात मुलाला ८,००० आणि मुलीला ४,००० पौंड वार्षिक नेमणूक ठरवून दिली, आणि १७८० च्या सुमारास भाऊ भाऊ परत बोलायला लागले.

मारियाला मात्र राणी शार्लटच्या दरबारात जागा मिळाली नाही. जाऊबाईंचा उंबरठा काही ओलांडता आला नाही. आणि एवढं करून नवऱ्याने काय केलं तर तिच्याच पदरी असलेल्या लेडी अल्मेरिया कारपेंटरवर जीव जडवला, १७८२ मध्ये तिच्यापासून मुलगी झाली, लुइसा मारिया ला कोस्ट. ज्या बाईने सहा वर्षं लोकांचं ऐकून घेतलं तिच्याच घरात हे. इथे माझी ड्यूकबद्दलची सगळी सहानुभूती संपते.

दिलजमाईचा एक पुरावा अजून उभा आहे. विल्यमने वेमथ या गावी समुद्रकाठी घर बांधलं होतं, ग्लॉस्टर लॉज. १७८८-८९ च्या त्या प्रसिद्ध वेडाच्या झटक्यातून उठल्यावर डॉक्टरांनी जॉर्जला समुद्रस्नान करायला सांगितलं, तो भावाच्या त्याच घरात येऊन राहिला, राजा पाण्यात उतरला की शेजारी बँडवाले 'गॉड सेव्ह द किंग' वाजवायचे म्हणे, आणि मग वर्षानुवर्षं तो तिथे जात राहिला, गाव त्यामुळेच नावारूपाला आलं. लंडनमधलं विल्यमचं ग्लॉस्टर हाउस नंतर ग्रोव्हनर घराण्याने घेतलं, आज त्या जागी पार्क लेनवर मोठं हॉटेल आहे. ग्रोव्हनर म्हणजे तेच, ज्यांनी हेन्रीवर दावा लावला होता!

प्रश्न : या माणसाने लग्न सोडून आयुष्यात काही केलं का? (एक त्रासलेले काका, औंध)

फार नाही काका. फौजेत हुद्दे मिळत गेले, १७९३ मध्ये फील्ड मार्शल झाला, पण लढाई गाजवली असं काही नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा चॅन्सेलर होता. एक किस्सा त्याच्या नावावर सांगतात की इतिहासकार गिबन रोमन साम्राज्यावरच्या आपल्या ग्रंथाचा नवा खंड भेट द्यायला गेला तर ड्यूक म्हणाला, आणखी एक जाडजूड पुस्तक का, लिहीतच असता की हो तुम्ही! काही जण हा किस्सा हेन्रीच्या नावावर टाकतात, काही थेट राजाच्या. तिघांपैकी कुणीही शोभेल.

पण एक गोष्ट त्याच्या हातून झाली, तीही जेवता जेवता. ऑगस्ट १७७५ मध्ये तो फ्रान्समधल्या मेट्झ या छावणीच्या गावातून चालला होता, तिथल्या सेनापतीने, काउंट द ब्रोय याने, त्याला जेवायला बोलावलं. राजावर घुश्श्यात असलेला भाऊ, परका मुलूख, चार पेले झाले असतील, त्याने टेबलावर अमेरिकेतल्या वसाहतींची बाजू घेतली, भावाचं धोरण कसं चुकतंय ते सांगितलं. त्या पंगतीत सतरा वर्षांचा एक फ्रेंच अधिकारी बसला होता, लाफायेत. अमेरिकेला जाऊन लढायचं हे त्याच्या डोक्यात त्या रात्री पहिल्यांदा आलं असं सांगितलं जातं, दोन वर्षांनी तो खरंच गेला, आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा तो तिथे होता. घरातलं भांडण बाहेर बोलू नये म्हणतात ते उगाच नाही.

प्रश्न : मुलांचं पुढे काय झालं? (हडपसर)

सोफिया मटिल्डाने लग्नच केलं नाही. तिला ग्रीनिचच्या पार्कची रेंजर, म्हणजे मानाची देखरेख करणारी, नेमलं होतं, त्या रेंजर्स हाउसमध्ये ती राहिली, १८४४ मध्ये गेली. आईबापांच्या लग्नावरून झालेला तमाशा ऐकत मोठी झालेली मुलगी, तिला लग्नाची हौस नसेल तर मी तरी तिला दोष देणार नाही.

मुलगा विल्यम फ्रेडरिक १८०५ मध्ये वडील गेल्यावर दुसरा ड्यूक झाला. लोक त्याला 'सिली बिली' म्हणायचे, शिवाय ग्लॉस्टरचं चीज प्रसिद्ध म्हणून 'स्लाइस ऑफ ग्लॉस्टर'. भपका फार, अक्कल बेताची, असा लौकिक. पण हाच सिली बिली गुलामगिरीच्या विरोधात ठामपणे उभा राहिला, आफ्रिकन इन्स्टिट्यूशनचा अध्यक्ष होता, केंब्रिजचा तेवीस वर्षं चॅन्सेलर. हुशार म्हणवणारे त्याचे चुलतभाऊ त्यावेळी गुलामांच्या व्यापाराची बाजू घेत होते हे पण लिहून ठेवायला हवं. १८१६ मध्ये त्याने सख्खी चुलतबहीण मेरी, म्हणजे तिसऱ्या जॉर्जचीच मुलगी, हिच्याशी लग्न केलं, दोघंही चाळिशीची. ज्या मारियाला राजवाड्यात घेतलं नाही तिच्या मुलाला राजवाड्यातली मुलगी दिली, फक्त ते बघायला मारिया नव्हती, ती १८०७ मध्येच गेली. या जोडप्याला मूल झालं नाही, १८३४ मध्ये तो गेला आणि किताब संपला. आजचे ड्यूक ऑफ ग्लॉस्टर आहेत ते या वंशातले नव्हेत, तो किताब १९२८ मध्ये नव्याने दिलेला आहे.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या कनॉट रोडचा या ड्यूकशी काही संबंध आहे का? (कॅम्पातला एक जुना रहिवासी)

साधू वासवानी रोडला अजून कनॉट रोड म्हणणारे तुम्ही शिल्लक आहात हे वाचून बरं वाटलं. थेट संबंध नाही, तो कनॉट म्हणजे आर्थर, व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा, १८८६ ते १८९० बॉम्बे आर्मीचा सरसेनापती. पण किताब बघा, 'ड्यूक ऑफ कनॉट अँड स्ट्रॅथर्न'. कनॉट विल्यमकडचा, स्ट्रॅथर्न हेन्रीकडचा, कारण हेन्रीचा पूर्ण किताब कंबरलंड अँड स्ट्रॅथर्न असा होता. ज्या दोन भावांनी घरात आग लावली त्यांचीच नावं शंभर वर्षांनी घराण्याने कौतुकाने एका पोराला दिली. आणि इंग्लंडात आर्थर राहायचा बॅगशॉट पार्कला, जिथे आधी सिली बिली आणि मेरी राहायचे, जुनं घर पाडून तिथे नवं बांधलं होतं.

आणि हा आर्थर तोच बरं का, २ मार्च १८८८ ला हरि रावजी चिपळूणकरांनी पुण्यात ज्याच्यासाठी मेजवानी दिली आणि जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात जाऊन, खरा हिंदुस्थान या दागिने घातलेल्या लोकांत नाही, खेड्यात आहे, असं ज्याच्या तोंडावर सुनावून आले, तो.

प्रश्न : मारियाचा वंश आता आहे का कुठे? (सहकारनगरच्या भिशी मंडळातर्फेच, दुसरं पत्र)

ड्यूकपासूनचा औरस वंश नाही, पण तिच्या पहिल्या नवऱ्याच्या तीन मुली होत्या ना, वॉल्डग्रेव्ह बहिणी. काकाआजोबा होरेसने जोशुआ रेनॉल्ड्सकडून १७८० मध्ये तिघींचं चित्र काढून घेतलं होतं, तिघी एका टेबलाभोवती रेशमाचं काम करत बसल्यात, ते आता एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्यातल्या धाकट्या होरेशियाचं लग्न लॉर्ड ह्यू सेमूर या आरमारी अधिकाऱ्याशी झालं, तिचा मुलगा होरेस सेमूर, त्याची मुलगी ॲडलेड, ती दिली स्पेन्सर घराण्यात, तिचा मुलगा सहावा अर्ल स्पेन्सर, त्याचा सातवा, त्याचा आठवा, आणि आठव्याची मुलगी डायना. म्हणजे प्रिन्स विल्यम आज गादीचा वारस आहे तो आईकडून थेट मारियाचा, आणि तिच्या मागे शिवणकाम करणाऱ्या डोरोथी क्लेमेंटचा वंशज आहे. मंडळाने पुढच्या भिशीला हे मोठ्याने वाचून दाखवायला माझी हरकत नाही.